फुलराणीच्या पलीकडच्या भक्ती बर्वे : एका कारकिर्दीतून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा?

नाट्यशास्त्र, मराठी किंवा माध्यम अभ्यास या विषयांत पीएचडीसाठी अर्ज करणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक शीर्षक हमखास भेटतं : ‘अमुक अमुक अभिनेत्री – व्यक्ती आणि कार्य : एक अभ्यास’. शीर्षक वाचायला भारदस्त वाटतं. मुलाखतीत समोरचे परीक्षक शांतपणे विचारतात, “बरं, यातून तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?” आणि मग आपली गाडी अडते. कारण त्या शीर्षकात विषय आहे, पण प्रश्न नाही.

आज आपण एकच कारकीर्द घेऊ आणि तिच्यातून प्रश्न कसा निघतो ते बघू. मी निवडलेली अभिनेत्री आहे भक्ती बर्वे. त्यांचं नाव काढलं की दहापैकी नऊ जण लगेच ‘ती फुलराणी’ म्हणतात, आणि आपली अडचण तिथूनच सुरू होते.

आधी ठळक गोष्टी

भक्ती बर्वे यांचा जन्म 10 सप्टेंबर 1948 चा. अभिनयाची सुरुवात लहानपणी, सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’च्या बालनाट्यांतून झाली. पुढे त्या आकाशवाणीवर निवेदिका होत्या. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या काळात मराठी बातम्या देणारा एक ओळखीचा चेहरा म्हणजे भक्ती बर्वे. 1975 मध्ये पु. ल. देशपांड्यांचं ‘ती फुलराणी’ आलं. त्यात त्या मंजुळा होत्या आणि सतीश दुभाषी प्रोफेसर. 1983 मध्ये कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’त त्या शोभा सेन ही संपादिका झाल्या. दूरदर्शनच्या ‘बहिणाबाई’ या टेलिफिल्ममध्ये त्यांनी बहिणाबाई चौधरींची भूमिका केली. रंगभूमीवर ‘अजब न्याय वर्तुळाचा’, ‘हँड्स अप’, ‘रातराणी’, ‘आई रिटायर होतेय’, ‘गांधी विरुद्ध गांधी’ अशी कितीतरी नाटकं. 1990 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार. आणि 12 फेब्रुवारी 2001 ला वाईहून कार्यक्रम करून परत येताना मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर अपघाती मृत्यू. वय 52.

एवढी माहिती तुम्ही अर्ध्या तासात गोळा कराल. अजून महिनाभर ग्रंथालयात बसलात तर नाटकांची पूर्ण यादी, सहकलाकार, प्रयोगांच्या जाहिराती हेही मिळेल. पण हे सगळं चार प्रकरणांत विभागलं तरी तो कोश होतो, प्रबंध होत नाही. कोश वाईट असतो असं मुळीच नाही, आपल्याकडे चांगले कोश कमीच आहेत. फक्त पीएचडी कोशाला मिळत नाही, युक्तिवादाला मिळते.

एक क्लिप आणि अख्खी कारकीर्द

आता अडचणीकडे येऊ. आज विशी-पंचविशीत असलेल्या आपल्यापैकी कुणीही भक्ती बर्वेंना रंगमंचावर पाहिलेलं नाही. आपण पाहिलीय ती ‘फुलराणी’मधल्या त्या प्रसिद्ध स्वगताची चित्रफीत. प्रोफेसरच्या वागण्याने दुखावलेली मंजुळा एकटी असताना त्याला धडा शिकवायच्या बाता मारते, तो प्रसंग. एकांकिका स्पर्धा, कॉलेजचं गॅदरिंग, अभिनयाची ऑडिशन, कुठेही जा, कुणीतरी हे स्वगत करतंच. आणि करताना बहुतेक वेळा भक्ती बर्वेंच्या चढउतारांचीच नक्कल करतं.

एका अभिनेत्रीसाठी हा केवढा मोठा सन्मान आहे! पण संशोधक म्हणून तुम्ही इथे सावध व्हायला हवं, आणि त्याची कारणं तीन.

पहिलं, क्लिप म्हणजे प्रयोग नव्हे. रंगमंचावरचा अभिनय शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोचेल अशा मापाने केलेला असतो. कॅमेरा तो अभिनय जवळून दाखवतो. मोबाईलवर बघताना आपल्याला जो ‘जोर’ वाटतो, तो नाट्यगृहात कदाचित नेमका वाटला असेल. त्यामुळे ‘अभिनय थोडा भडक आहे’ किंवा ‘काय ऊर्जा आहे!’ ही दोन्ही मतं क्लिपवरून देणं धोक्याचं आहे.

दुसरं, हे स्वगत मुळात कुठून आलं? ‘ती फुलराणी’ म्हणजे बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चं रूपांतर, असं एक वाक्य लिहून आपण पुढे जातो. पण शॉच्या नाटकात इलायझाला अशा तऱ्हेचं लांब, एकटीचं, सूडाचं स्वगत नाही. ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेत मात्र तिला तसं गाणं आहे. म्हणजे मराठी प्रेक्षकाला जी मंजुळा सगळ्यात जास्त आठवते, ती शॉने जिथे काही लिहिलंच नाही त्या जागेवर उभी आहे. रूपांतरावर काम करणाऱ्या कुणासाठीही हा तयार धागा आहे. पुलंनी गाण्याची जागा गद्याला दिली आणि गाण्याची लय अभिनेत्रीच्या बोलण्यावर सोपवली. वाद्यवृंद नाही, चाल नाही. रडणं, चिडणं, स्वप्नात हरवणं आणि पुन्हा चिडणं हे सगळं फक्त बोलण्याच्या वेगातून उभं करायचं. इथे भक्ती बर्वे नुसत्या भूमिका ‘करत’ नाहीत. संगीतिकेने संगीताला दिलेलं काम त्या उच्चाराने करून दाखवतात. माझ्या मते त्या स्वगताचं खरं मोठेपण यात आहे, आणि कौतुकाच्या लेखांत नेमकं हेच सांगितलं जात नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक क्लिप अख्ख्या कारकिर्दीला झाकून टाकते. जे टिकलं ते महत्त्वाचं आणि जे टिकलं नाही ते दुय्यम, असं आपण नकळत धरून चालतो. रेकॉर्डिंग कशाचं झालं आणि कशाचं झालं नाही, हे गुणवत्तेवर ठरत नाही. पैसा, तंत्र, योगायोग यांवर ठरतं. तुमचा प्रबंध त्या योगायोगाची री ओढणार असेल, तर अभिनेत्रीवर अन्याय करणाऱ्यांच्या यादीत अजून एक नाव वाढेल, तुमचं.

मग प्रश्न कोणता?

आता यादीकडे पुन्हा बघा, पण कालक्रम विसरून. बालनाट्य, आकाशवाणी, दूरदर्शनच्या बातम्या, मंजुळा, शोभा सेन, बहिणाबाई. या सगळ्यांत समान काय आहे?

मला दिसलेलं उत्तर : बोलणं. अधिक नेमकं सांगायचं तर, ‘कोणती मराठी चांगली?’ हा प्रश्न.

विचार करा. दूरदर्शनवरच्या बातम्या म्हणजे प्रमाण मराठीचा अधिकृत आवाज. हातातल्या कागदावरून, शांत चेहऱ्याने, ‘न’ला ‘न’ आणि ‘ण’ला ‘ण’ म्हणत वाचलेल्या बातम्या. घरोघरी, शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर बसून लोक ते ऐकत होते आणि ‘असं बोलायचं असतं’ हेही नकळत शिकत होते. आणि हाच आवाज ‘ती फुलराणी’त एका फुलं विकणाऱ्या मुलीचा होता, जिची भाषा ‘सुधारण्याची’ पैज एका भाषेच्या प्रोफेसरने लावलेली असते. जिच्या तोंडून महाराष्ट्र प्रमाण भाषा ऐकत होता, तीच बाई रंगमंचावर प्रमाण भाषा न येणारी मुलगी झाली होती.

यातला गंमतीचा भाग सगळ्यांना कळतो. पण त्यात एक टोचणी पण आहे. प्रेक्षक मंजुळाच्या बोलण्यावर हसतात तेव्हा ते नक्की कुणाला हसतात? फुलं विकणाऱ्या मुलीला, की तिच्यावर प्रयोग करणाऱ्या पंडिताला? संहितेत दोन्हीला वाव आहे. शॉचा रोख उच्चवर्गीय ढोंगावर होता. पुलंचा विनोदही प्रोफेसरला सोडत नाही. तरी नाट्यगृहातलं हसू संहितेप्रमाणे चालतंच असं नाही. ते हसू कुठे वळवायचं हे मोठ्या प्रमाणात अभिनेत्रीच्या हातात असतं. शब्द चुकीचा उच्चारताना ती ‘बघा मी किती येडी’ असं सुचवते, की तो शब्द तिच्यासाठी पूर्ण योग्य आहे अशा ठामपणे बोलते? पहिल्या पर्यायात आपण तिला हसतो, दुसऱ्यात प्रोफेसरच्या चेहऱ्याला. उपलब्ध चित्रणात भक्ती बर्वे मला दुसऱ्या बाजूला झुकलेल्या दिसतात. मंजुळाला स्वतःच्या बोलण्याची लाज नाही, राग आहे तो अपमानाचा. स्वगत इतकं चटका का लावतं याचं उत्तर इथे आहे.

इथे रूपांतराचा एक मोठा पेच लक्षात घ्या. ‘पिग्मॅलियन’चा पहिला प्रयोग 1913 मध्ये व्हिएन्नाला झाला, तोही जर्मन भाषांतरात. म्हणजे इंग्रजी उच्चारांवरचं हे नाटक जन्मापासूनच दुसऱ्या भाषेत गेलं. प्रत्येक भाषेला ‘खालची बोली’ आणि ‘वरची बोली’ आपापली शोधावी लागली. लंडनमध्ये हा फरक मुख्यतः वर्गाचा होता. महाराष्ट्रात बोलीबरोबर प्रदेश येतो आणि जातही येते. मंजुळा साळुंकेची भाषा ‘सुधारते’ म्हणजे ती कुणासारखी बोलायला लागते, हा प्रश्न मराठीत शॉपेक्षा जास्त अवघड आहे. नाटक त्याच्या जवळून जातं, पण थांबत नाही. ही ‘ती फुलराणी’ची मर्यादा आहे असं मला वाटतं, आणि नाटक आवडत असतानाही ती सांगता आली पाहिजे. गुजरातीत याच नाटकाचं मधु राय यांनी केलेलं ‘संतु रंगीली’ आहे, त्यात सरिता जोशी होत्या. रंगभूमी आणि टीव्ही दोन्ही गाजवणाऱ्या दोन अभिनेत्री, एकच मूळ नाटक, दोन भाषा. तुलनात्मक अभ्यास हवा असेल तर एवढा चांगला विषय शोधून सापडणार नाही.

मंजुळा आणि बहिणाबाई शेजारी ठेवून बघा

आता ‘बहिणाबाई’ घ्या. बहिणाबाई चौधरी (1880–1951) खानदेशातल्या, जळगावजवळच्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर रचलेली गाणी त्यांचा मुलगा, कवी सोपानदेव, आणि घरातल्या इतरांनी टिपून ठेवली. 1952 मध्ये ती पुस्तकरूपात आली तेव्हा प्रमाण मराठीत वाढलेले वाचक थक्क झाले.

म्हणजे त्याच अभिनेत्रीने दोन ‘अप्रमाण’ मराठी बोलणाऱ्या स्त्रिया केल्या. मंजुळाच्या कथेत बोली हा आजार आहे, प्रोफेसर डॉक्टर आहे. बहिणाबाईंच्या कथेत बोली हीच प्रतिभा आहे, तिला सुधारायला कुणी आलं असतं तर कविताच गेली असती. एक भूमिका बोली सोडण्याची, एक बोली जपण्याची. आणि दोघींच्या मधोमध बातम्या देणारा तो प्रमाण आवाज.

इथे आपला रिसर्च क्वेश्चन तयार होतो. मी तो असा लिहीन : ‘1970 आणि 80 च्या दशकांतल्या मराठी रंगभूमीवर व दूरदर्शनवर प्रमाण भाषा आणि बोली यांचं नातं भक्ती बर्वे यांच्या भूमिकांतून कसं घडतं?’ बघा, अभिनेत्री तीच आहे, पण आता काळ आहे, दोन माध्यमं आहेत, एक ताण आहे, आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ पेक्षा मोठं असणार आहे.

प्रश्न बाकीच्या कामाला लावून बघणे

चांगला प्रश्न ज्या भूमिकांवरून सुचला त्यांच्या बाहेरही काहीतरी उजेड पाडतो. लावून बघू.

‘जाने भी दो यारो’तली शोभा सेन ‘खबरदार’ या नियतकालिकाची संपादिका. भ्रष्टाचार उघड करायचा म्हणून दोन भोळ्या फोटोग्राफरना कामाला लावते आणि शेवटी स्वतःच सौद्याला बसते. भक्ती बर्वेंनी तिला कुठेही खलनायिकेचा सूर दिलेला नाही. गोड, आत्मविश्वासाचं, सुशिक्षित बोलणं, आणि त्याच बोलण्यात ब्लॅकमेल. मंजुळाला जी ‘सुसंस्कृत’ भाषा शिकवली जात होती, ती भाषा आत्मसात केलेली बाई सभ्य असेलच असं नाही, हे शोभा सेन दाखवते. ज्या प्रेक्षकांनी त्यांना बातम्या देताना पाहिलं होतं, त्यांना तोच विश्वासार्ह चेहरा पत्रकाराच्या भूमिकेत खोटं बोलताना पाहून काय वाटलं असेल? हा प्रश्न मुलाखती घेऊन विचारता येण्यासारखा आहे.

अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये बोलीचा प्रश्न दिसत नाही. सगळे मध्यमवर्गीय मराठीच बोलतात. पण शीर्षकच नीट वाचा. ‘रिटायर’ हा ऑफिसातला शब्द आई स्वयंपाकघरात आणते आणि घर हादरतं. नोकरी करणारा माणूस रिटायर होतो, आई होत नाही, हे घरच्यांनी गृहीत धरलेलं असतं. म्हणजे इथेही एका बाईने ‘तिचा नसलेला’ शब्द वापरण्यावरच नाटक उभं आहे. मंजुळाला तिची नसलेली भाषा दिली जाते, ही आई स्वतः उचलते.

अजित दळवींच्या ‘गांधी विरुद्ध गांधी’त त्या कस्तुरबा होत्या. वाद बापाचा आणि हरिलालचा. दोघांकडे शब्द भरपूर आहेत, मधे उभ्या असलेल्या आईला मात्र ऐकायचं जास्त आहे. उच्चारासाठी ओळखल्या जाणाऱ्या अभिनेत्रीला इथे न बोलण्याचं काम होतं. फुलराणीच्या चौकटीत अडकलेली कारकीर्द वाचायची असेल, तर कस्तुरबा हा प्रबंधाचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा ठरू शकतो.

आता स्वतःच्याच युक्तिवादाशी भांडा

हा टप्पा बरेच जण गाळतात. व्हायवाला मग तोच भोवतो.

पहिला आक्षेप : बातम्या देणं ही नोकरी होती, त्याला अर्थ कशाला चिकटवायचा? आक्षेप योग्य आहे. उत्तर असं की हेतू सिद्ध करायची गरज नाही. प्रेक्षकाला दोन्ही माध्यमांत एकच व्यक्ती दिसत होती, एवढं पुरेसं आहे. मात्र प्रेक्षकांनी तसं खरंच पाहिलं का, याचा पुरावा तुम्हाला त्या काळातल्या परीक्षणांतून द्यावा लागेल. दहा परीक्षणांत कुठेही बातम्यांचा उल्लेख नसेल, तर युक्तिवाद सौम्य करा. प्रश्न वाचवण्यासाठी पुरावा वाकवायचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. फुलराणीचा शिक्का लोकांनी मारला म्हणता, पण शेवटच्या काळात त्या स्वतः ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करत होत्या ना? हो. शीर्षकात लेखक पहिला, पात्र दुसरं आणि ‘मी’ सगळ्यात शेवटी. पंधरा वेगळ्या प्रकारच्या भूमिका केलेल्या अभिनेत्रीलाही स्वतःबद्दल बोलायला त्या दोघांच्या मागून यावं लागलं, असं हे वाचता येतं. पण दुसरं वाचनही तितकंच खरं आहे. त्या मंचावर लेखक नव्हता, प्रोफेसर नव्हता. तिघांबद्दलही बोलणारी एकटी ‘मी’च होती. जिला एकेकाळी कसं बोलायचं ते शिकवलं गेलं, ती आता सगळी गोष्ट आपल्या तोंडाने सांगत होती. मला स्वतःला दुसरं वाचन पटतं, पण प्रबंधात दोन्ही मांडावी लागतील.

साधनं कुठे आणि कशी

व्यावहारिक बोलू. छापील संहिता हे एक साधन, पण प्रयोगात शब्द बदलतात. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी जाणारी संहिता आणि पुस्तक रूपातली संहिता यांत फरक असू शकतो, तो तपासा. वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींचं पान तुच्छ समजू नका. कोणाचं नाव किती मोठ्या टायपात आहे, नाटकाच्या आधी नट येतो की नटाच्या आधी नाटक, यावरून बाजारातली किंमत कळते. सहकलाकारांच्या आठवणी वापरा, पण लक्षात ठेवा की मृत्यूनंतर लिहिलेल्या आठवणी हळव्या असतात. अपघातात 52 व्या वर्षी गेलेल्या व्यक्तीबद्दल तर जास्तच. म्हणून हयातीत लिहिलेली परीक्षणं आणि नंतरचे लेख यांचे दोन वेगळे ढीग करा.

चित्रण बघताना एक शिस्त पाळा. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, दुसऱ्यांदा चित्र न बघता फक्त ऐका. दोन्ही वेळा वेगळी टिपणं काढा. ‘बहिणाबाई’ ऐकताना लेवा गणबोली घरात बोलणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा. बोली ‘अस्सल’ आहे की नाही हे पुण्या-मुंबईच्या कानाने ठरवणं म्हणजे पुन्हा त्या प्रोफेसरच्याच खुर्चीत बसणं झालं.

आणि नंतरच्या फुलराण्या विसरू नका. सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी हीच भूमिका केली. प्रत्येकीला एका आवाजाच्या सावलीत उभं राहून बोलावं लागलं. त्या सावलीतून कोण कशी बाहेर पडली, हा सुद्धा स्वतंत्र प्रबंध आहे.

ज्यांना येत्या काही महिन्यांत सिनॉप्सिस द्यायचंय त्यांनी एक करा. आपल्या विषयातल्या कलाकाराच्या कामांची यादी एका कागदावर लिहा आणि सगळ्यात प्रसिद्ध काम खोडा. उरलेल्या यादीकडे पंधरा मिनिटं बघत बसा. त्यात काही धागा दिसला, तर खोडलेलं काम परत आणून त्या धाग्यात बसतंय का ते तपासा. बसलं तर तुमच्याकडे प्रश्न आहे. धागा दिसलाच नाही, तर अजून वाचा. शीर्षकाची घाई नको.